पाण्याखालचं रान

राजेवाडीच्या तलावावर मासे धरायला जायचं तर सोबतीला असा माणूस हवा, ज्याने हा तलाव कोरडा पाहिला आहे. काठी, रीळ, गळ, तंगूस बाजारात मिळते. पण पाण्याखाली विहीर कुठे आहे, जुन्या शेताची ताल कुठून कुठे जाते, नदीचं मूळ पात्र कोणत्या अंगाला वळतं, हे कुठल्या दुकानात मिळायचं? दुष्काळात त्या तळावर ज्याने गुरं चारली त्यालाच ते ठाऊक. मुंबईहून आलेल्या माझ्या मित्राला हे पटायला दुपार व्हावी लागली, आणि पटलं ते एका माशाने पटवलं. त्याकडे येतोच, आधी तलावाची ओळख.

हा तलाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. माणगंगा दहिवडीकडून येते, म्हसवडवरून पुढे सरकते आणि राजेवाडीला मातीच्या लांबलचक भिंतीला अडते. भिंत आटपाडी तालुक्यात, मागचा फुगवटा माण तालुक्याच्या बाजूला. इंग्रजी अमदानीच्या कागदांत याचं नाव म्हसवडचा तलाव. आसपासचे लोक राजेवाडीचाच म्हणतात. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम आणि पोटाला भाकरी मिळावी म्हणून जी कामं निघाली, त्यांतलं हे एक. खटावात नेर आणि मायणी, माणात पिंगळी असे त्या काळातले आणखी तलाव या भागात आहेत, पण पसाऱ्याने त्यांच्यापुढे हा थोरला.

मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही पडला तर. त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. जुलैत महाबळेश्वर धुऊन निघत असतं तेव्हा इथे तलावाच्या पोटात मेंढरं चरत असतात, आणि दसऱ्याच्या आगेमागे दोन-तीन रात्री जोराच्या झाल्या की माणगंगा येते. मासे धरणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. उन्हाळाभर ज्या तळावर गवत उगवलं, शेण पडलं, किडे-मुंग्या वाढल्या, त्या तळावर एकदम पाणी चढतं. माशाला पंगत मांडून ठेवलेली असते. पाणी चढत असतं तेव्हा मासा काठाकाठाने, गुडघाभर पाण्यात, बुडालेल्या गवतात चरत फिरतो. पाणी उतरायला लागलं की तोच मासा सावध होतो आणि खोलगटाकडे सरकतो. म्हणून इथल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, “पानी चढतंय का उतारतंय?” आमिषाचं नंतर.

आम्ही गेलो ते मार्गशीर्षात, म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा उलगडल्यावर. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, म्हणजे तलाव उतरता.

आता तलावात मासा येतो कुठून? नदीबरोबर थोडा येतो: मरळ, शिंगाळा, वाम आणि बारीकसारीक. पण जो मोठा मासा धरायला माणसं तासन्‌तास बसतात, तो बहुतेक आणून सोडलेला असतो. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते वाढतात भराभर, पण अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. तलावात त्यांचा संसार होत नाही. पूर्वी त्यांचं बी नद्यांतून गोळा करून आणावं लागे. १९५७ च्या जुलैत ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याच कामामुळे पाळतात. त्यानंतर देशभर मत्स्यबीज केंद्रं निघाली आणि माणदेशासारख्या कोरड्या मुलखातल्या तलावात गंगेचा रोहू पोचला. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, पावसाळ्यानंतर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात आणि वर्षभर जाळ्याने काढतात.

बाकी दोघे परदेशी. सायप्रिनस, ज्याला कॉमन कार्प म्हणतात, आणि चिलापी. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ साली. ती कुठेही अंडी घालते, आणि अंडी-पिल्लं मादी तोंडात सांभाळते. एकदा शिरली की निघत नाही. ठेकेदाराला ती नकोशी, गळवाल्या पोराला हवीशी; कारण ती कधीच रिकाम्या हाती घरी पाठवत नाही.

संस्थेचा तलाव म्हणजे संस्थेचा मासा. गळ टाकण्याआधी ठेका कुणाचा, ते विचारायचं, परवानगी घ्यायची, आणि धरलेला मासा न्यायचा असेल तर किलोने पैसे द्यायचे. काही जण हे टाळतात आणि मग काठावर वादावादी करतात. ज्यांनी पदरचे पैसे घालून बोटुकली सोडली त्यांच्याशी कसला वाद?

माझा मित्र पवईवाला. पवईचा तलाव १८९१ चा, तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद वर्षानुवर्षं गळ टाकून बसत आले आहेत. त्याच्याकडे चार काठ्या, तीन रीळं, गळांच्या डब्या, आणि पहाटे पाचाला पाण्यावर असायची मुंबईची शिस्त. आमचे वाटाडे तलावाकाठच्याच एका वाडीचे. वय साठीच्या घरात. त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून आम्हीही मामा. त्यांचं हत्यार म्हणजे लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली तंगूस, एक शिसं आणि एक गळ.

मित्राने आदल्या रात्री विचारलं, “मामा, पाचला निघायचं ना?”

“पाचला थंडीनं मासाबी उठत न्हाई सायेब. आठाला या.”

यात आळस नव्हता. माशाचं अंग पाण्याएवढंच गरम किंवा गार असतं. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं, भूक मंदावते. उन्हाळ्यात पहाट आणि दिवेलागण चांगली, कारण दुपारी उथळ पाणी तापतं. हिवाळ्यात गणित उलटं: सूर्य वर आल्यावर उथळाचं पाणी कोमटतं आणि मासा चरायला निघतो. शिवाय पहाटेच्या आधी पाण्यात विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा तो तयार करतात, रात्री स्वतःच वापरतात. उजाडून तास-दोन तास झाले की पाणी पुन्हा जिवंत होतं.

पहिला तास मामांनी गळ काढूच दिला नाही. नुसतं काठाने चालवलं.

पाणी मागे हटलेला काठ कसा वाचायचा, हे मी त्या तासात पाहिलं. सर्वांत वर वाळलेल्या शेवाळाची रेघ होती. तिथवर पाणी चढलं होतं. तिच्याखाली बारीक बारीक पायऱ्यांसारख्या रेघा, पाणी थांबत थांबत उतरल्याच्या. त्यांतल्या खालच्या रेघा जास्त अंतरावर होत्या, म्हणजे अलीकडे पाणी झपाट्याने चाललं होतं. मग एका सपाट जागी ओल्या गाळात गोल गोल खड्डे दिसले, परातीएवढे, एकाला एक लागून, कडा नीट उचललेल्या. मित्राला वाटलं, कुणी मुद्दाम केलेत. मामांनी पायाने एक दाखवला. चिलापीचा नर शेपटीने आणि तोंडाने गाळ उकरून असं घर करतो आणि मादीला बोलावतो. पाणी होतं तेव्हा इथे कंबरभरही खोली नसणार, कारण ही घरं उथळातच होतात. याचा उपयोग काय? खड्डे ज्या उतारावर आहेत, तसाच उतार पाण्यात पुढे कुठे चालू राहतो तिथे आजची चिलापी असणार. आम्हाला चिलापी नको होती, तेव्हा ती जागा टाळायची.

पुढे वारा पाहिला. सकाळचा वारा आमच्या पाठीवरून पाण्यात जात होता. वाऱ्याने पाण्याचा वरचा थर समोरच्या काठाला ढकलला जातो, त्याच्याबरोबर तरंगते किडे आणि सूक्ष्म जीवही. कटल्याला तेच लागतं. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात हिंडतो. त्याच्या ओठाला बारीक झालर असते. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. सायप्रिनसला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, त्यांनी चाचपत तो गाळ उकरतो, म्हणून तो चरत असेल तिथे पाणी गढूळ होतं आणि बुडबुडे येतात. कोणता मासा हवा त्यावर गळ किती खोल ठेवायचा ते ठरतं. हे मित्राला पवईवरून माहीत होतं. जागा मात्र त्याने पाण्याकडे बघून निवडली, एक छान निवांत कोपरा, वर बाभळीची सावली.

मामा म्हणाले, “पाण्याकडं बघू नगा. खालचं रान बघा.”

“खालचं कसं दिसणार मामा?”

मग मामांनी ते दाखवलं. पाण्यातून एक वाळका बाभळीचा खुंट वर आला होता. आमच्या उभ्या जागेवरून तो खुंट आणि पलीकडच्या काठावरचा विजेचा खांब एका रेषेत येत होते. “ह्या रेघंवर ताल हाय. माझ्या चुलत्याच्या रानाची.” मग ते काठाने पंचवीस-तीस पावलं चालत गेले आणि दुसरी रेघ धरली: एक मोठा दगड आणि लांबच्या टेकडीचा उतार. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे विहीर. पाणी तिथेही इतर ठिकाणासारखंच दिसत होतं. कोळी लोक समुद्रावर खुणा धरतात त्याचीच ही रीत, फक्त इथे खुणा धरणाऱ्याने खालची जागा स्वतः तुडवलेली आहे. तलाव आटलेल्या वर्षांत मामा त्या तळावरून गुरं घेऊन फिरले आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळाचं नाव निघालं तेव्हा त्यांनी छावणीचा विषय काढला. त्या वेळी म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या चारा छावणीत हजारो जनावरं होती. जनावरं जगवायची धडपड चालू असतानाच तलावाचा नकाशा डोक्यात बसत होता, हे त्यांनी म्हटलं नाही, मीच जोडलं.

ताल म्हणजे शेताचा मातीचा बांध. पाण्याखाली गेल्यावरही तो उंचवटा राहतो. एका बाजूला हातभर खोल, दुसऱ्या बाजूला पुरुषभर. अशी कड माशाला आवडते. उथळावर खायला मिळतं, आणि काही हललं तर दोन शेपट्यांत खोलात उतरता येतं. नदीच्या जुन्या पात्राची कड तशीच. शेतकरी गाळ उपसून नेतात त्या खाणींची कडही तशीच. सपाट तळावर शंभर जागी गळ टाकण्यापेक्षा अशा एका कडेवर बसावं. पाणी उतरत असेल तर कडेच्या खोल अंगाला, चढत असेल तर उथळ अंगाला. आम्ही खोल अंग धरलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ज्या तलावात विहिरी बुडालेल्या आहेत त्यात वाटाड्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. कंबरभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल थेट विहिरीत पडू शकतं. आणि गाळ वरून कोरडा, भेगाळलेला दिसला तरी खाली लोण्यासारखा मऊ असतो; मामा काठी रोवून मगच पाय ठेवत होते.

बसायला घोंगडी अंथरली, म्हसवडच्या बाजारातली. थंडी हे एक कारण. दुसरं असं की कार्प जातीच्या माशांचे कान फार तीक्ष्ण. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी आवाजाने थरथरते आणि काही बारीक हाडांच्या साखळीतून ती थरथर कानापर्यंत पोचते. काठावर आपटलेला डबा, धपधप पाय, सरकवलेला दगड, हे त्यांना कळतं. गप्पांचं तेवढं नाही; हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, जमिनीतून जाणारा उतरतो. म्हणून बोला, पण आपटू नका. उभंही राहू नका. प्रकाश पाण्यात वाकतो, त्यामुळे माशाला वरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. बसलेला माणूस त्या खिडकीच्या अगदी कडेला चेपून जातो, उभा माणूस त्यात डोकावतो.

मग खोली मोजली. मित्राने तरंगा तंगुशीवर वर-खाली सरकेल असा ओवला, गळाला जरा जड शिसं लावलं आणि कडेच्या खोल अंगाला टाकलं. तरंगा बुडाला, म्हणजे खोली जास्त. तरंगा हातभर वर सरकवून पुन्हा टाकलं. आता तो आडवा पडला, म्हणजे जास्त झालं. असं करत करत त्याचा फक्त शेंडा पाण्यावर राहील इथवर आणलं. नऊ फूट. गळ तळाला टेकलेला, तरंगा ताठ. मामांनी मान हलवली. त्यांनी स्वतः आपलं शिसं त्याच जागी सोडून तंगूस बोटावर धरली होती आणि ते म्हणाले तेवढीच खोली निघाली, फक्त त्यांनी हातांत सांगितली.

गाठ बांधतानाची एक बारीक गोष्ट. नायलॉन आवळताना घासून तापतो आणि तापला की तिथेच कमकुवत होतो. मासा गेल्यावर पाहिलं तर बहुतेक वेळा तंगूस गाठीपाशीच तुटलेली असते. म्हणून आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची आणि सावकाश ओढायची. पवईवाला आणि माणदेशी मामा दोघेही न बोलता हेच करत होते.

आमिषाला गव्हाची कणीक, त्यात भिजवलेली शेंगपेंड आणि भाजलेल्या मेथीची पूड. मित्राने त्यात कापसाच्या चार तारा मळल्या, म्हणजे गोळा पाण्यात विरघळून लगेच सुटत नाही. मामांनी बरोबर आणलेली गांडुळंही होती. ती मृगळ-सायप्रिनसला चालतात. आमिष टाकण्याआधी चारा: पेंड आणि काठावरची माती मिसळून लिंबाएवढे गोळे. मातीमुळे ते बुडतात आणि तळाशी फुटतात. चारा किती टाकायचा यावर माणसं चुकतात. कार्प माशाला आपल्यासारखं जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं अन्न सरळ आतड्यात जातं; म्हणून तो पोटभर एकदा जेवत नाही, दिवसभर थोडं थोडं खातो. त्याला जागेवर थांबवायचं, पोट भरायचं नाही. एकेक गोळा, दहा-पंधरा मिनिटांनी.

आता तरंगा. नवख्याला वाटतं, तरंगा गपकन बुडाला की मासा लागला. चिलापी तसं करते खरी, पण तळाशी खाणारा मोठा मासा तसं करत नाही. त्याच्या जबड्यात दात नसतात. तो आमिष ओठांनी चोखून घेतो, चाखतो, आवडलं नाही तर फुंकून टाकतो, पुन्हा घेतो. त्या वेळी तरंगा नुसता शहारतो. यावर ओढलं तर गळ रिकामा येतो. खरी खूण पुढे: तळाचं आमिष तोंडात घेऊन मासा आडवा होतो, म्हणजे डोकं उचलतो. गळाजवळचं बारीक शिसं त्याच्याबरोबर उचललं जातं. ज्या वजनाने तरंगा ओढून धरला होता ते वजन गेलं, म्हणून तरंगा वर येतो. बुडायच्या ऐवजी उठतो, कधी आडवाच पडतो. त्या क्षणी मनगटाने एक झटका. हात वर उचलून जोराचा हिसका द्यायचं काहीच कारण नाही. गळ धारदार असेल तर तेवढ्याने रुततो.

अकराच्या सुमाराला मित्राचा तरंगा उठला. सायप्रिनस, दोन किलोच्या आतबाहेर. काही वेळाने एक मृगळ. मामांच्या बोटावर त्याच्या दुप्पट येत होते, पण ते काही बोलत नव्हते, आणि मित्रही नव्हता.

दीडच्या सुमाराला वाऱ्याने तोंड फिरवलं. मामांनी मित्राला तरंगा दोन हात खाली सरकवायला सांगितला, म्हणजे गळ तळावरून उचलून मधल्या थरात आला. “आता रव टाका.” रव म्हणजे रोहू. वारा आमच्या काठाला लागला की वरचं खाणं इकडे येणार आणि मधल्या थरातला मासाही.

लागला तो त्याच तालीच्या कडेला. या वेळी तरंगा उठला नाही, तिरका होऊन चालू लागला आणि गेला. काठी वाकली, रीळ ओरडू लागलं. रिळाचा ताण तंगुशीच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा ठेवतात. त्याहून जास्त जोर आला की तंगूस तुटण्याऐवजी रिळातून सुटत जाते. मासा पळतो, दमतो. आपण थोडी गुंडाळतो, तो पुन्हा पळतो. मित्राने काठी उभी न धरता पाण्याला समांतर आडवी धरली होती. माशाचं डोकं बाजूला ओढलं की त्याचा तोल जातो आणि सरळ पळायला जोर मिळत नाही. सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि मग तंगुशीची दिशा बदलली. आतापर्यंत ती पाण्यात तिरकी जात होती. आता ती उभी झाली आणि सरळ खाली जायला लागली. नऊ फूट खोली. बारा फूट गेली. वीस गेली. रीळ फिरतच होतं.

मित्राने वळून पाहिलं. मामा उठून उभे राहिले होते.

“हिरीत गेला.”

विहिरीचा काठ घडीव दगडांचा. त्यावर नायलॉन घासला की दोऱ्यासारखा कापला जातो. ओढलं तर हमखास तुटणार. मामांनी हाताने खूण केली: सोडा, सगळं ढिलं सोडा. मित्राला ते जिवावर आलं, कारण मासा लागलेला असताना ताण सोडायचा नाही हा त्याचा पहिला धडा. पण इथे दुसरा धडा लागू होतो. अडचणीत शिरलेला मासा ताणाला विरोध करण्यासाठीच आत दाबून बसतो. ताण गेला की त्याला विरोध करायला काही उरत नाही, आणि तो आपण होऊन मोकळ्या पाण्याकडे निघतो. दर वेळी निघतो असं मुळीच नाही. गळाला उलटा काटा असल्यामुळे ढिल्या तंगुशीतही तो सहसा सुटत नाही, एवढाच काय तो आधार.

तंगूस पाण्यावर सैल पडून राहिली. मामांनी बिडी पेटवली. बिडी संपायच्या आत तंगुशीचा एक वळसा सरळ झाला, मग दुसरा, आणि ती विहिरीपासून डावीकडे, नदीच्या जुन्या पात्राच्या बाजूला चालू लागली. मामांनी नुसतं “हं” केलं. मित्र हलकेच उठला, काठाने दहा-बारा पावलं त्याच दिशेने चालत गेला, म्हणजे विहीर तंगुशीच्या वाटेतून बाजूला झाली, आणि मगच त्याने रीळ फिरवलं. पुढची पंधरा-वीस मिनिटं साधी झुंज होती. मासा बाजूवर पडला तेव्हा दांड्याची जाळी आधीच पाण्यात धरून ठेवली होती; मासा जाळीवर आणायचा, जाळीने त्याच्या मागे धावायचं नाही, नाहीतर तो शेवटच्या क्षणी जीव खाऊन उसळतो.

रोहू, साडेचार किलोचा. तंगुशीचा शेवटचा दोन-तीन हातांचा भाग खरवडलेला होता. नखाने चाचपला तर खरखर लागत होती. मित्राने तेवढा तुकडा कापून खिशात ठेवला.

मामांनी माशाच्या अंगावरचा एक खवला काढून उन्हाकडे धरला. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. वाढ मंदावते तेव्हा ती दाट पडतात, जोमाची असते तेव्हा विरळ. आपल्याकडच्या गरम पाण्यात ती थंड देशांइतकी स्पष्ट उमटत नाहीत, आणि भिंग नसताना मोजणं कठीण. पण मामांचा हिशोब वर्तुळांवर नव्हताच. तलाव पुरता आटतो त्या वर्षी त्यातला सगळा जुना मासा संपतो. जो उरतो तो पुढच्या पाण्याबरोबर सोडलेला. तेव्हा या तलावातला कुठलाही रोहू गेल्या आटण्यापेक्षा म्हातारा असू शकत नाही. बारमाही धरणात दहा-बारा किलोंचे कटले निघतात, इथे क्वचित, त्याचं कारण हेच.

दोन लहान मृगळ आम्ही सोडून दिले. सोडायचा मासा धरण्याआधी हात ओले करायचे, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगापासूनचं संरक्षण आहे आणि कोरड्या हाताला तो चिकटून निघतो. पाण्यात फेकायचा नाही; दोन्ही हातांनी उभा धरून ठेवायचा, तो स्वतः निघेपर्यंत.

उरलेले संस्थेच्या माणसाने ताणकाट्यावर तोलले, पैसे घेतले. संध्याकाळी मामांच्या घरी मासा साफ केला तो मामींनी, राख लावून, विळीवर. रोहूच्या पाठीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक दुतोंडी काटे असतात, कण्याला न जोडलेले, म्हणून ते काढता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे कातडीच्या बाजूने सुरीने अगदी जवळजवळ चिरा द्यायच्या, म्हणजे काट्यांचे तुकडे होतात आणि कडक तेलात ते कुरकुरीत होऊन खाल्ले जातात. पोटाकडच्या तुकड्यांत फक्त मोठ्या फासळ्या, त्या सहज निघतात. डोकं आणि शेपटी काळ्या मसाल्याच्या रश्शात गेली. मामींनी पोटाच्या तुकड्या मुंबईच्या पाव्हण्याला वाढल्या, पाठीच्या मला, आणि मामांच्या ताटात डोकं. मित्राने बाजरीची भाकरी मोडता मोडता विचारलं की त्या विहिरीला पायऱ्या होत्या का.

“व्हत्या की. पूर्वंच्या अंगाला. अकरा.”

“मग मासा पायऱ्यांवरून चढून आला म्हणायचा.”

“तिकडनंच आला,” मामा म्हणाले. “बाकी तीन अंगांना सरळ भित हाय. तितं तंगूस तुटलीच आसती.”

मामींनी मध्येच रस्सा वाढला आणि सांगितलं की त्या विहिरीचं पाणी गोडं होतं, तलाव आटला की अजून लागतं.